शब्दाला विसार हवा: इंग्लंडच्या गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, इंग्लंड यांस,

सादर नमस्कार. वि. वि.

आपल्या खात्यानं ६ ऑक्टोबर २०२५ रोजी घरखरेदीची पद्धत बदलण्याचे प्रस्ताव लोकांपुढे ठेवले आणि मतं मागवली. मीही माझं मत पाठवलं, इंग्रजीत. पण इंग्रजीत तक्रार लिहायला बसले की माझी जीभ आपोआप मऊ होते. ‘थोडी गैरसोय झाली’, ‘प्रक्रिया अधिक सुटसुटीत होऊ शकेल’, अशी वाक्यं निघतात आणि आपण नक्की कशावर चिडलो होतो ते आपल्यालाच आठवेनासं होतं. म्हणून हे दुसरं पत्र मराठीत. आपल्याला ते वाचता येणार नाही. पण रेडिंग, स्लाऊ, हॅरो, मिल्टन कीन्सला भाड्याच्या घरात रात्री अकरा वाजता राइटमूव्ह ही घरांच्या जाहिरातींची वेबसाइट चाळत बसलेल्या मराठी माणसांना येईल. त्यांच्यातलं कुणी आपल्या खात्यात नोकरीला असेलच, ते सांगतील आपल्याला काय लिहिलंय ते.

मी रेडिंगला एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. मूळची मिरजेची. आम्ही दोघं, आता चार वर्षांची असलेली मुलगी, आणि तेव्हा दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट. मार्च २०२४ मध्ये कॅव्हरशॅमला एक घर पाहिलं, ऑफर दिली, एजंटचा फोन आला: ‘अभिनंदन, मालकांनी ऑफर स्वीकारली.’ मी मिरजेला फोन करून सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. घर झालं, असंच आम्ही सगळे समजलो.

अकरा आठवड्यांनी त्याच एजंटचा त्याच प्रसन्न आवाजात फोन आला. दुसऱ्या कुणीतरी १२ हजार पौंड जास्त देऊ केलेत, तुम्ही तेवढे वाढवणार का? आम्ही नाही म्हटलं. तोवर सर्व्हे, सर्चेस (जागेच्या सरकारी नोंदींची तपासणी) आणि सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलाचं, झालेलं काम मिळून साधारण १,८०० पौंड गेले होते. ते गेलेच. ह्या प्रकाराला इथं गझम्पिंग म्हणतात. मला वाटलं, ज्याला एवढं खास नाव आहे तो निदान गुन्हा तरी असेल. सॉलिसिटरबाईंनी समजावलं की यात बेकायदा काही नाही. उलट एक्स्चेंज, म्हणजे सही केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत आलेली प्रत्येक ऑफर मालकाला कळवणं हे एजंटचं कर्तव्यच आहे, आणि एजंट मालकाचा, तुमचा नव्हे. १९८९ च्या कायद्याचं दुसरं कलम सांगतं की जमीन-घराचा करार लेखी नसेल आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या नसतील, तर तो करारच नाही. म्हणजे ‘ऑफर स्वीकारली’ ह्या दोन शब्दांना तुमच्या देशात कायद्याच्या लेखी काडीचीही किंमत नाही. तरीही त्या दोन शब्दांवर भरवसा ठेवून पैसे खर्च करायला आम्हाला लगेच दुसऱ्या दिवशी सांगितलं जातं.

आमच्याकडे एक शब्द आहे, विसार. कुठं कुठं इसारही म्हणतात. घराचा, जमिनीचा, अगदी बैलाचा सौदा ठरला की घेणारा थोडी रक्कम हातावर ठेवतो आणि विसारपावती होते. माझे आजोबा म्हणायचे, विसार घेतला की जमीन अर्धी गेली. विसार घेऊन फिरलेल्या माणसाबद्दल गावात पुढची वीस वर्षं बोललं जातं, आणि प्रसंगी ती पावती कोर्टातही जाते. आमचं सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. माझ्या पुण्याच्या मावसभावाला बिल्डरनं ताबा द्यायला सहा वर्षं लावली, आणि २०१७ मध्ये महारेरा आलं म्हणून निदान तक्रार कुठं करायची ते तरी त्याला कळलं. पण सौदा ठरला आणि सौदा ठरला नाही, यांच्यामध्ये चार-पाच महिन्यांची अशी एक जागा असते, जिथं कुणाचाच शब्द कुणाला बांधत नाही, हे मी पहिल्यांदा इंग्लंडमध्ये पाहिलं.

दुसरं घर रेडिंगच्याच टाइलहर्स्टचं. लाल विटांचं, तीन बेडरूमचं, मागं एक म्हातारं सफरचंदाचं झाड. किंमत ३ लाख ८५ हजार पौंड. १२ ऑगस्ट २०२४, सोमवारी ऑफर स्वीकारली गेली. या वेळी साखर ठेवू दिली नाही.

आमच्या घराचे मालक न्यूबरीला मोठ्या घरात जाणार होते. न्यूबरीच्या घरातल्या आजीबाई बोर्नमथला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. त्या फ्लॅटचा मालक वारला होता आणि त्याची मुलं प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाच्या मंजुरीची, वाट पाहत होती. याला चेन म्हणतात. सगळ्या कड्या एकाच दिवशी सरकायला हव्यात, एक अडली की सगळे जागेवर. तर आमच्या टाइलहर्स्टच्या घराची किल्ली बोर्नमथच्या एका दिवंगत गृहस्थाच्या मृत्युपत्रात अडकलेली होती, आणि हे आम्हाला कळलं नोव्हेंबरमध्ये. तोवर ‘वरच्या बाजूला थोडं प्रलंबित आहे’ एवढंच उत्तर यायचं. आमची सॉलिसिटर फक्त आमच्या मालकांच्या सॉलिसिटरशी बोलू शकते, तो त्याच्या पुढच्याशी. बोर्नमथची बातमी रेडिंगपर्यंत यायला तीन वकील आणि दोन एजंट लागायचे आणि प्रत्येक जण आठवड्यातून एकदाच ईमेल बघत असावा. आमच्या फार्मसीत एखादं औषध आलं नाही तर ते कुठं अडलंय, केव्हा येईल, नाही आलं तर बदली काय, हे मला रुग्णाला सांगावंच लागतं. ‘वरच्या बाजूला प्रलंबित आहे’ म्हणून मी त्याला तीन महिने परत पाठवू शकत नाही.

प्रोबेट आलं तेव्हा कळलं की फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, आहे. मग इमारतीच्या व्यवस्थापन कंपनीकडून माहितीचा संच हवा: देखभाल खर्च किती, थकबाकी आहे का, आगीच्या दृष्टीनं इमारत सुरक्षित आहे का. हे प्रश्न फालतू नाहीत. १४ जून २०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर ते विचारायलाच हवेत. पण तो संच द्यायला कंपनीनं सात आठवडे लावले, आणि शुल्क मात्र आधी घेतलं.

इथं मी थोडं विषयांतर करते, कारण हा भाग आठवला की अजून हसू येतं. माझ्या वडिलांनी घरासाठी १२ लाख रुपये दिले. ते निवृत्त शिक्षक. पतसंस्थेतली ठेव मोडली, पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत आणले, तिथून इकडे पाठवले. ७ लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच वसूल करते तो कर), म्हणजे एक लाख रुपये तिथंच कापले गेले. पुढे विवरणपत्र भरल्यावर ते मिळाले, पण त्या वेळी त्यांनी एक लाख कुणाकडून उसने घेतले ते मला अजून सांगितलेलं नाही. २०१७ च्या मनी लाँडरिंगविरोधी नियमांनुसार सॉलिसिटरनं विचारलं, हे पैसे आले कुठून? रास्त प्रश्न. आम्ही पतसंस्थेचं पासबुक पाठवलं. ते मराठीत, आणि निम्मं हातानं लिहिलेलं. ‘ठेव पावती नूतनीकरण’ ह्या नोंदीचं प्रमाणित भाषांतर मागितलं गेलं. ते दिलं. मग तेच सगळं मॉर्गेज देणाऱ्या बँकेनं मागितलं. त्याआधी तेच एजंटनंही मागितलं होतं. तिघांनी तीनदा तेच तपासलं, आणि एकानं तपासलेलं दुसऱ्याला चालेना.

मग आलं देणगीपत्र. वडिलांनी सही करायची की ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही आणि या घरावर त्यांचा कसलाही हक्क राहणार नाही. बाबांनी फोनवर ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, ‘लेकीच्या घरावर बापानं हक्क सांगायचा असतो असं यांना कुणी सांगितलं?’ सही केली, आणि खाली आपल्या सुंदर अक्षरात मराठीत लिहिलं: ‘सुखात राहा.’ सॉलिसिटरच्या ऑफिसातून विचारणा आली, खालच्या मजकुराचा कायदेशीर अर्थ काय?

सर्चेसमध्येही एक गंमत निघाली. घर जुन्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, असल्यानं चर्चच्या दुरुस्तीचा भार कदाचित घरमालकावर येऊ शकतो म्हणे, त्यासाठी विमा काढा. मला वाटलं थट्टा आहे. मग वाचलं की वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलोच्या एका दांपत्याचा हाच खटला २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचं बिल त्यांच्या शेतजमिनीच्या माथी आलं होतं आणि ते खटला हरले. बाबांना सांगितलं तर ते जराही चकित झाले नाहीत. ‘म्हणजे देवस्थान इनाम की,’ म्हणाले, ‘वर्ग तीनची जमीन. आपल्याकडे पण घेण्याआधी बघावंच लागतं.’ मिरजेच्या मास्तरांना इंग्लंडचा जमीनकायदा माझ्या एजंटपेक्षा लवकर कळला. (एजंट व्हायला इंग्लंडमध्ये कसलीही परीक्षा द्यावी लागत नाही. २०१९ मध्ये लॉर्ड बेस्ट यांच्या गटानं ती असावी असा अहवाल दिला, तो तसाच पडून राहिला. आता आपल्या प्रस्तावांत ते पुन्हा आलंय, याचा आनंद आहे.)

खिडक्यांबद्दल मात्र हसू येत नाही. २००२ च्या एप्रिलनंतर खिडक्या बदलल्या असतील तर त्याचा दाखला लागतो, फेन्सा ह्या खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचा किंवा कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा. आमच्या मालकांनी बदलल्या होत्या, दाखला सापडेना. आमच्या सॉलिसिटरनं विचारलं, त्यांच्या सॉलिसिटरनं ‘अशिलाला विचारतो’ म्हटलं, अशील सुट्टीवर, आल्यावर ‘शोधतो’, मग नाताळ. चौतीस दिवस. अखेर थोड्या पौंडांच्या विम्यावर भागलं. तो विमा पहिल्याच दिवशी काढता आला असता. हा प्रश्न घर विकायला काढताना मालकाला कुणी विचारला असता, तर त्यानं ऑगस्टमध्येच कपाटं उलथीपालथी केली असती.

या चौतीस दिवसांची किंमत आपल्याला सांगते. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत करायचा असतो आणि ज्या पत्त्यावर आज राहता तो द्यायचा असतो. एक्स्चेंज झालेलं असेल तर बहुतेक कौन्सिलं नवा पत्ता धरतात. आमचं झालेलं नव्हतं. म्हणून जुन्या फ्लॅटचा पत्ता दिला, आणि १६ एप्रिलला मुलीला जुन्या फ्लॅटजवळची शाळा मिळाली, नव्या घरापासून तीन मैलांवर. टाइलहर्स्टच्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. ऑक्टोबरमध्ये जागा झाली. तोवर सकाळी साडेसातला दोन बसेस, आणि माझी पहिली पाळी कायमची सुटली. शाळा बदलल्यावर ती आठवडाभर जुन्या बाईंचं नाव घेऊन रडली. याचा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा?

आणि ३१ मार्च २०२५. त्या दिवसापर्यंत पहिलं घर घेणाऱ्याला ४ लाख २५ हजारांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी नव्हती. १ एप्रिलपासून ती मर्यादा ३ लाखांवर आली. तारीख कम्प्लीशनची, म्हणजे पैसे चुकते करून किल्ली घेण्याची, धरतात, ऑफरची नव्हे, एक्स्चेंजची नव्हे. आम्ही ऑगस्टपासून रांगेत उभे. मार्चमध्ये सगळा देश त्या एकाच दारातून आत घुसायला बघत होता, सॉलिसिटर फोन उचलत नव्हते. आमचं एक्स्चेंज २५ एप्रिलला झालं. वरच्या ८५ हजारांवर पाच टक्के, ४,२५० पौंड. बोर्नमथचं प्रोबेट, व्यवस्थापन कंपनीचे सात आठवडे, खिडक्यांचा दाखला, सगळ्यांच्या उशिराचा दंड भरला तो आम्ही, चेनमध्ये ज्यांचं एकट्यांचं सगळं वेळेवर तयार होतं. सहा महिन्यांची मॉर्गेज ऑफरही दरम्यान संपली. पुन्हा अर्ज, पुन्हा पगाराच्या स्लिपा. नशिबानं व्याजदर उतरत होते, बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्टच्या ५ टक्क्यांवरून फेब्रुवारीत साडेचारवर आला होता. चढते असते तर हे पत्र मी बहुधा भाड्याच्या घरातून लिहिलं असतं.

मंत्रीमहोदय, आपलंच खातं म्हणतं की एका व्यवहाराला जवळपास पाच महिने लागतात आणि साधारण तीनातला एक मोडतो. म्हणजे आमचं काही जगावेगळं झालं नाही. विक्रेत्यानं माहिती आधीच तयार ठेवावी, हे आपल्या प्रस्तावांत आहे आणि ते योग्य आहे. पण हा पिक्चर इंग्लंडनं एकदा पाहिलाय. २००७ च्या ऑगस्टपासून होम इन्फर्मेशन पॅक, म्हणजे विक्रेत्यानं द्यायचे घराच्या माहितीचे संच, टप्प्याटप्प्यानं सक्तीचे झाले. त्यातला खरा उपयोगाचा भाग, म्हणजे घराच्या स्थितीचा अहवाल, तो सक्तीचा करायचा नाही असं २००६ मध्येच ठरून गेलेलं. उरला कागदांचा गठ्ठा, ज्यावर खरेदीदाराच्या वकिलाचा विश्वास नव्हता आणि बँकेचाही नाही. मे २०१० मध्ये नव्या सरकारनं तो एका फटक्यात थांबवला, आणि कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. त्याच सुमारास, डिसेंबर २००८ मध्ये, स्कॉटलंडनं होम रिपोर्ट आणला. त्यात सर्व्हेयरचा अहवाल आहे, आणि तो आजही चालू आहे. माझ्या ग्लासगोच्या मैत्रिणीनं घर बघायला जाण्याआधीच छपराचा दोष वाचला होता. (तिथंही वकिलांची पत्रापत्री पुरी होईपर्यंत व्यवहार पक्का नसतो, हे तीच सांगते.) तेव्हा पॅक आणणार असाल तर पुरा आणा. त्यातल्या चुकीला कुणीतरी जबाबदार असू द्या. आणि एकदा तपासलेले पैसे व ओळख सगळ्यांना चालली पाहिजेत, म्हणजे पुढच्या मुलीच्या बापाचं पासबुक तीनदा भाषांतराला जाणार नाही.

पण माझं खरं मागणं विसाराचं आहे. दोन्ही बाजूंनी आधीच बांधून घेणारा करार करण्याची मुभा आपण देऊ म्हणता. मुभा. ज्याचा हात दगडाखाली आहे तो सही करणार, ज्याला बाजारात आणखी गिऱ्हाईकं दिसतायत तो का करेल? माहिती हातात आल्यावर, ऑफर स्वीकारताना, दोघांनीही थोडी थोडी रक्कम ठेवावी. सबळ कारण नसताना जो फिरेल त्यानं समोरच्याचा झालेला खर्च द्यावा. आमचे ते १,८०० पौंड. एवढंच. माझ्या नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, नोकरी गेली, व्हिसाचं काही झालं, बँकेनं घराची किंमत कमी धरली, तर विसार आपलाच बुडेल. त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून कारणांची यादी नीट करावी लागेल. आमचं यावर दोन रविवार भांडण चाललंय. आणि हो, सवलतीची तारीख बदलाल तेव्हा ज्यांचा विसार आधी झालाय त्यांना जुना दर द्या. अर्थमंत्री आपल्या शेजारच्याच खुर्चीवर बसतात.

९ मे २०२५, शुक्रवार. पैसे दुपारी दोनपर्यंत पोचायला हवे होते. आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन घरासमोर बसलेलो, मांडीवर कुकर आणि पायाशी देवघर. अडीच वाजता एजंटचा फोन आला की न्यूबरीच्या आजीबाईंची व्हॅन अजून भरतेय. साडेतीनला किल्ली मिळाली. मुलगी पहिल्यांदा सफरचंदाच्या झाडाकडे पळाली आणि मी पहिल्यांदा खिडक्यांकडे पाहिलं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
टाइलहर्स्टची एक घरमालकीण

ता. क. गेल्या महिन्यात लॉफ्टमध्ये दिवाळीचे डबे ठेवायला चढले, तर पाण्याच्या टाकीमागं जुन्या मालकांचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात बॉयलरची पावती, सफरचंदाच्या कलमाची पावती आणि खिडक्यांचा दाखला.